भिंत कुणाला सांगत नाही

मी समुपदेशक. पावलाचं किंवा घोट्याचं ऑपरेशन झालेली माणसं माझ्याकडे येतात ती दुखण्यासाठी नाही. त्यांची तक्रार वेगळीच असते. “कुबड्या घेऊन चारचौघांत जायला नको वाटतं.” “घरच्यांना किती राबवायचं?” शब्द बदलतात, काळजी तीच. हाड जुळून यायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात आणि बऱ्याच ऑपरेशननंतर त्यातला मोठा काळ पायावर अजिबात भार द्यायचा नसतो. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी कुणी पाहत नसताना पाय टेकला जातोच.

असेच एक पन्नाशीतले गृहस्थ. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) घोट्याचं ऑपरेशन, पायाला प्लास्टर. पत्नीची तक्रार अशी की वॉकर कोपऱ्यात पडून आहे आणि हे घरभर लंगडी घालत फिरतात.

“मला जमतंय तसं,” ते म्हणाले.

“पलंगापासून बाथरूमपर्यंत कसे जाता? एकेक पाऊल सांगा.”

त्यांनी सांगितलं. आधी पलंगाची कड, मग कपाट, मग खुर्चीची पाठ, पुढे भिंत, शेवटी बेसिन.

“म्हणजे आधार तुम्ही सगळीकडे घेता. कपाटाचा चालतो, खुर्चीचा चालतो, भिंतीचा चालतो. मग वॉकरनंच काय घोडं मारलंय?”

ते बराच वेळ गप्प राहिले. मीही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाला गप्प बसता आलं पाहिजे, आणि ते वर्षानुवर्षांच्या सवयीनंच येतं. मग ते हळूच म्हणाले, “भिंत कुणाला सांगत नाही, मॅडम.”

त्या वाक्यापाशी आमचं काम खऱ्या अर्थानं सुरू झालं. आधार त्यांनी केव्हाच स्वीकारला होता. नको होता तो दिसणारा आधार. वॉकर दिसला की लोकांना कळणार, लोकांना कळलं की आपण कुचकामी ठरणार, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा भरवसा आहे तो यासाठीच. घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा आपला ठाम समज आपल्याला जास्त छळतो, आणि समज तपासून पाहता येतो.

आम्ही तो तपासला. संध्याकाळी वर्दळीच्या वेळी वॉकर घेऊन इमारतीच्या दारापाशी जायचं, तिथं खुर्ची टाकून बसायचं आणि लोक खरोखर काय करतात ते टिपायचं. पुढच्या भेटीत ते कागदच घेऊन आले. बहुतेक जण फोनमध्ये डोकं घालून निघून गेले होते. एका मुलानं वॉकर उचलून पाहिला. एका शेजाऱ्यानं “काय झालं?” विचारलं आणि उत्तर पुरतं न ऐकता स्वतःच्या गुडघ्याची कहाणी सुरू केली. “कुचकामी कुणीच म्हणालं नाही,” ते म्हणाले, “खरं तर कुणाला तेवढा वेळच नव्हता.” तो कागद मला कुठल्याही प्रशस्तिपत्रकाहून मोलाचा वाटतो.

घरच्या ‘ओझ्या’चाही विचार असाच करावा. “काही नको” म्हणत राहिलं की घरच्यांना सतत पाळत ठेवावी लागते आणि खरे दमतात ते त्यानंच. त्यापेक्षा नेमकं मागावं: “कामावर जाण्याआधी पाण्याची बाटली आणि औषधं हाताशी ठेव.” त्यांच्या पत्नीला मी सांगितलं, मागितलं तेवढंच करा, धावू नका. ते तिला जास्त जड गेलं.

लाज कमी झाली की साधन नीट वापरायला शिकावं. यात फिजिओथेरपिस्टचं ऐकावं, पण काही गोष्टी मी प्रत्येकाला आवर्जून सांगते. काखेतली कुबडी काखेत रुतता कामा नये. दोन-तीन बोटं जाईल एवढी जागा हवी. भार तळहातांवर घ्यायचा, नाहीतर काखेतली नस दबून हाताला मुंग्या येतात. जिना चढताना आधी चांगला पाय वर, उतरताना आधी कुबड्या आणि दुखरा पाय खाली. दोन्ही हात अडकलेले असतात, म्हणून पाठीवर पिशवी अडकवावी. पायपुसणी आणि सतरंज्या गुंडाळून ठेवाव्यात, बाथरूमच्या वाटेवर रात्रभर दिवा ठेवावा, अंघोळ बसून करावी. कुबड्यांची रबरी टोपणं झिजली की लगेच बदलावीत, ओल्या फरशीवर तीच सावरतात. गुडघा टेकून ढकलायची चाकाची गाडी सपाट जागी फार सोयीची, पण वळणावर कलंडते आणि जिन्यावर तिचा उपयोग नाही.

पोटरी अचानक सुजली, दुखू लागली किंवा धाप लागली तर मन खंबीर करत बसू नका, तातडीनं डॉक्टर गाठा. रक्ताची गुठळी असू शकते. दोन आठवडे उलटूनही उदासी हटत नसेल, झोप आणि भूक उडाली असेल, तर तेही सांगा.

ते गृहस्थ पुढे कुबड्या घेऊनच कामावर रुजू झाले. डॉक्टरांनी भार द्यायला परवानगी दिल्यावर एका कुबडीवर आले, आणि ती धरली होती दुखऱ्या पायाच्याच बाजूला. ही गल्लत बहुतेकांची होते. एकच कुबडी किंवा काठी असेल तर ती विरुद्ध हातात धरायची आणि दुखऱ्या पायाबरोबर पुढे टाकायची. माझ्या खोलीत दोन फेऱ्या मारून त्यांनी ते पक्कं केलं आणि मगच खाली उतरले.