बटलर फिनिक्सला का जाऊ शकला नाही

तुमचा प्रश्न असा आहे: फेब्रुवारी २०२५ मध्ये एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या जिमी बटलरला मायामी हीट हा संघ सोडायचाच होता, फिनिक्स सन्सला तो हवा होता, सन्सचे मालक मॅट इश्बिया खर्चाला मागेपुढे पाहणारे नाहीत, मग तो गोल्डन स्टेट वॉरियर्सकडे कसा गेला? आणि प्रत्येक अफवेखाली जो तो 'कॅप फ्लेक्सिबिलिटी' म्हणत असतो, ती नक्की काय भानगड आहे?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. सन्सकडे पैसा होता, पण पगारांची बेरीज करायची मुभा नव्हती.

आधी सॅलरी कॅपचं, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेचं बघू, कारण आपल्याकडे बहुतेकांचा घोळ तिथेच होतो. आपल्या डोक्यात आयपीएल असते. २०२५च्या मेगा लिलावात प्रत्येक संघाला १२० कोटी रुपये होते. ते संपले की विषय संपला. एनबीएची कॅप तशी नाही. २०२४-२५च्या मोसमात कॅप होती १४.०६ कोटी डॉलर. आता सन्सचे तिघेच घ्या. केव्हिन ड्युरंट ५.१२ कोटी, ब्रॅडली बील ५.०२ कोटी, डेव्हिन बुकर ४.९२ कोटी. बेरीज १५.०६. तीन माणसांतच कॅप पार झाली आणि बाकीचा संघ अजून भरायचाच आहे! हे चालतं, कारण स्वतःच्या खेळाडूला पुन्हा करारबद्ध करताना कॅप ओलांडता येते (लॅरी बर्डच्या नावाने ओळखले जाणारे 'बर्ड राइट्स' ते हेच), किमान पगारावर माणसं घेता येतात आणि पगाराला साधारण तेवढाच पगार देऊन ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल) करता येतो.

म्हणजे कॅप हे कुंपण नव्हेच. खरी कुंपणं तिच्या वर आहेत. त्या मोसमात लक्झरी टॅक्सची रेषा १७.०८ कोटींवर होती, पहिला एप्रन १७.८१ वर आणि दुसरा एप्रन १८.८९ वर. टॅक्सचं दुखणं फक्त पैशाचं असतं. श्रीमंत मालक तो भरतो आणि मोकळा होतो. लीगच्या बाकीच्या मालकांना हेच खुपत होतं, म्हणून लीग आणि खेळाडू संघटनेच्या २०२३च्या करारात दुसरा एप्रन आणला. या रेषेवरच्या संघाचे हात बांधलेले असतात: मिड-लेव्हल एक्सेप्शन (कॅपच्या वर असूनही मध्यम पगारावर बाहेरचा खेळाडू घ्यायची सवलत) नाही, ट्रेडमध्ये रोख रक्कम देता येत नाही, जितका पगार बाहेर जाईल त्याहून एक डॉलरही जास्त आत घेता येत नाही, सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा पिक (ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, खेळाडू निवडायचा हक्क) गोठवला जातो, म्हणजे ट्रेडमध्ये देता येत नाही. आणि सगळ्यात जाचक अट म्हणजे दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून त्या बदल्यात एक मोठा खेळाडू घेता येत नाही.

आता कागद-पेन घ्या. बटलरचा पगार ४.८८ कोटी. सन्सकडे युसुफ नुर्किच होता १.८१ कोटींचा, ग्रेसन ॲलन १.५६ कोटींचा. दुसऱ्या एखाद्या संघाने हे दोघे, वर आणखी एखादा जोडून गणित जुळवलं असतं. सन्स दुसऱ्या एप्रनच्या वर होते, त्यामुळे त्यांना ती बेरीजच बंद. मग ४.८८ कोटींच्या माणसासाठी त्याच्याएवढा किंवा त्याहून जास्त पगाराचा एकच माणूस द्यायला हवा. असे करार किती? वर सांगितलेले तीन. बुकर तर घरचा माणूस, त्याला कोणी हात लावणार नव्हतं. ड्युरंट दिला तर बटलर कोणासाठी आणायचा? उरला बील.

बीलचे ५.०२ कोटी देऊन बटलरचे ४.८८ घ्यायचे, आकडा अगदी फिट बसतो. पण त्याच्या करारात नो-ट्रेड कलम होतं. लीगमध्ये आठ वर्षं आणि त्यातली चार एकाच संघात काढलेल्या खेळाडूलाच ते मागता येतं, आणि मिळतं फारच थोड्यांना. वॉशिंग्टनने २०२२ मध्ये २५.१ कोटींचा पाच वर्षांचा करार करताना ते बीलला दिलं, २०२३ मध्ये तो फिनिक्सला आला आणि कलमही सोबत आलं. म्हणजे बीलने होकार दिल्याशिवाय पान हलणार नाही. बरं, त्याने होकार दिला असता तरी पुढच्या दोन मोसमांचे त्याचे ११ कोटींच्या वरचे डॉलर गळ्यात बांधून घ्यायला कोणी रांग लावून उभं नव्हतं.

त्याच आठवड्यात वॉरियर्सनी काय केलं बघा. अँड्र्यू विगिन्स २.६३, डेनिस श्रोडर १.३०, काइल अँडरसन ०.८८, लिंडी वॉटर्स ०.२२. बेरीज ५.०३. चार पगार एकत्र करून, वर पहिल्या फेरीचा एक पिक देऊन, पाच संघांच्या ट्रेडमध्ये बटलर घरी आणला. ते दोन्ही एप्रनच्या खाली राहिले होते, म्हणून ही बेरीज त्यांना करता आली. मधल्या पगाराची तीन-चार माणसं हाताशी असणं आणि ती जोडायची मुभा असणं, याला फ्लेक्सिबिलिटी म्हणायचं. तिजोरीत किती आहे याचा तिच्याशी संबंध थोडाच.

सन्स हातावर हात धरून बसले नव्हते, हेही सांगायला हवं. त्या जानेवारीत त्यांनी युटा जॅझला आपला २०३१चा पहिल्या फेरीचा पिक दिला आणि बदल्यात कमी दर्जाचे तीन पिक घेतले. मोठी नोट मोडून सुट्टे घेतले म्हणा ना. अनेकांनी तेव्हा नावं ठेवली, मला तो सौदा त्या परिस्थितीत शहाणपणाचा वाटला. त्या सुट्ट्यांतला एक पिक नुर्किचला जोडून त्याला शार्लटला धाडलं आणि कोडी मार्टिन व वासिलिये मिचिच आणले. दोघांचे पगार मिळून १.६ कोटींच्या आत. एक बाहेर, दोन आत, हे मात्र चालतं. बंदी आहे ती बाहेर जाणारे पगार जोडण्यावर, आत येणारे कितीही असोत. एवढं करूनही ३६ विजय, ४६ पराभव आणि प्लेऑफला रामराम.

आता अफवांबद्दल. अफवा कोणीतरी सोडतो तेव्हा त्याचा काहीतरी फायदा असतो. एजंटला आपल्या खेळाडूचा भाव वाढवायचा असतो, नाहीतर एखाद्या संघाला दुसऱ्या ग्राहकाला घाई करायला लावायची असते. म्हणून महिनाभर चघळलेलं नाव बहुधा जागेवरच राहतं. उलट १ फेब्रुवारी २०२५च्या रात्री लुका डोन्चिच डॅलसहून लेकर्सकडे गेला, बदल्यात अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि २०२९चा पिक. याची कुणाला कुणकुणही नव्हती. बातमी फोडणारा पत्रकार शम्स चरानिया याचं अकाउंट हॅक झालंय असंच लोकांना वाटलं. आणि सगळं जाहीर झाल्यावरही भरवसा नाही. त्याच लेकर्सनी मार्क विल्यम्ससाठी डाल्टन नेक्ट आणि २०३१चा पिक द्यायचं ठरवलं, डेडलाइन (ट्रेडची शेवटची मुदत) उलटली, मग विल्यम्स वैद्यकीय तपासणीत नापास झाला आणि सौदा रद्द. नेक्ट बिचारा पुन्हा त्याच लॉकर रूममध्ये.

त्यामुळे माझी सवय अशी. अफवा आली की आधी दोन्ही संघ कोणत्या रेषेच्या वर आहेत ते बघायचं, मग पगार जुळतात का. इथेच बऱ्याचशा अफवा गळतात आणि झोप वाचते. आपल्याकडे डेडलाइन रात्री दीडला असते. जागणार असाल तर दीडला लॅपटॉप मिटू नका, कारण वेळेत लीगला कळवलेले सौदे बाहेर यायला नंतरही थोडा वेळ लागतो.

'अमक्याचा करार संपतोय, म्हणजे तेवढे पैसे मोकळे होतील' हेही सारखं वाचायला मिळतं. संघ कॅपच्या बराच वर असेल तर मोकळं काहीच होत नाही. समजा दोन कोटींचा माणूस गेला, पण संघ कॅपच्या चार कोटी वर होता, तर तो अजूनही दोन कोटी वरच आहे. बाहेरून कुणाला घ्यायला जागा शून्य, आणि ट्रेडमध्ये वापरता आला असता तो पगारही गेला. म्हणून शहाणे संघ असा करार संपायच्या आत, डेडलाइनला, कशात तरी बदलून घेतात.

सन्सनी शेवटी या गाठीतून कशी सुटका केली ते बघण्यासारखं आहे. जुलै २०२५ मध्ये ड्युरंट ह्यूस्टनला गेला. बीलला ट्रेड करता येईना म्हणून करारच मोडला. त्याचे दोन मोसमांचे ११ कोटी आठ लाख उरले होते. 'स्ट्रेच'च्या नियमाने उरलेल्या वर्षांची दुप्पट अधिक एक, म्हणजे पाच वर्षांवर ती रक्कम पसरता येते. पण अशा पसरलेल्या रकमा एका वर्षात कॅपच्या १५ टक्क्यांवर जाता कामा नयेत. नव्या मोसमाची कॅप १५.४६ कोटी, म्हणजे मर्यादा साधारण २.३२ कोटी, आणि त्यातला काही भाग नासिर लिटल आणि ई. जे. लिडेल यांना आधीच सोडल्यामुळे अडकलेला. बीलचं पूर्ण देणं त्यात बसेना. म्हणून त्याला सुमारे १.३९ कोटींवर पाणी सोडायला लावलं, तेव्हा कुठे उरलेले ९.७ कोटी वर्षाला १.९४ कोटी असे बसले. तो क्लिपर्सकडे गेला आणि सन्स दोन्ही एप्रनच्या खाली आले. पगार जोडायची मुभा परत मिळाली, पण २०२९-३०पर्यंत दरवर्षी ते १.९४ कोटी हिशेबात राहणार आहेत. फिनिक्सचं नाव घेऊन नवी अफवा आली तर बेरजेला तिथूनच सुरुवात करा.