क्वांटम डॉट पॉलिमरमधे नीट मिसळले, फिल्मही छान आली, तरी सोलर सेलमधून करंट का येत नाही?

तुम्ही लिहिलंय की कॅडमियम सेलेनाइडचे डॉट (काही नॅनोमीटरचे सेमीकंडक्टर कण) आणि पीथ्रीएचटी (प्रकाश शोषून वीज वाहणारं पॉलिमर) वजनाने निम्मे-निम्मे घेतले, डॉटवरचं ओलिक ॲसिड, म्हणजे त्यांच्याभोवतीचा तेलकट आम्लाचा थर, तसाच ठेवला, फिल्म काचेसारखी गुळगुळीत आली पण करंट जवळपास शून्य. नाशिकला एमएस्सीच्या प्रोजेक्टमधे मी अगदी हेच केलं होतं आणि दोन महिने त्यात घालवले, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आमच्या काकांची निफाडला द्राक्षबाग आहे, काही माल बेदाण्याला जातो. द्राक्षाच्या सालीवर मेणासारखा पांढुरका थर असतो, तो असेपर्यंत आतलं पाणी लवकर बाहेर येत नाही, म्हणून घड आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतात आणि मग शेडमधे जाळीवर पसरतात. तुमचा डॉट म्हणजे तो थर असलेलं द्राक्ष. ओलिक ॲसिडमुळेच तो सॉल्व्हंटमधे छान विरघळतो, फिल्म गुळगुळीत येते ती त्याच्यामुळेच, आणि चार्ज अडतो तोही त्याच्यामुळेच. (गंमत म्हणजे डिपिंग ऑइलमधे इथाइल ओलिएट असतं, ओलिक ॲसिडच्याच घरातलं, फक्त तिथं ते साल मोकळी करतं आणि इथं तेच साल होऊन बसतं.)

प्रकाश पडला की पॉलिमरमधे इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) एकमेकांना धरूनच तयार होतात, ती जोडी साधारण 10 नॅनोमीटर फिरते आणि तेवढ्यात डॉट भेटला नाही तर संपते. भेटला तरी मधे ओलिक ॲसिडची जवळपास 2 नॅनोमीटरची साल, आणि पुढं इलेक्ट्रॉनला डॉटवरून डॉटवर उड्या मारत इलेक्ट्रोडपर्यंत जायचंय, म्हणजे प्रत्येक उडीला दोन साली. ग्रीनहॅम, पेंग आणि अलिविसाटोस या संशोधकांनी 1996 मधेच एमईएच-पीपीव्ही या दुसऱ्या पॉलिमरवर हे दाखवलंय, साल काढलेले डॉट घातले की पॉलिमरची चमक विझते कारण चार्ज डॉटकडे जातो, आणि काढण्याआधीची त्यांची साल तर तुमच्यापेक्षा पातळ होती, नॅनोमीटरभर.

दुसरी गोष्ट निम्मे-निम्मे. इथं मीही फसलो होतो. कॅडमियम सेलेनाइडची घनता 5.8 च्या आसपास, पॉलिमरची 1.1 धरा, म्हणजे वजनाने अर्धे डॉट घातले तरी जागा ते 16 टक्केच व्यापतात, आणि तुम्ही तोललेल्या पावडरमधे ओलिक ॲसिडचं वजनही आहे, त्यामुळं खरं तर त्याहून कमी. पॉलिमरमधे सुटे सुटे पडलेले डॉट, इलेक्ट्रॉनला सलग वाट कुठून मिळणार? 2002 मधे हुयिन, डिटमर आणि अलिविसाटोस यांनी 1.7 टक्के एफिशियन्सी (पडलेल्या प्रकाशातून मिळालेली वीज) मिळवली तेव्हा वजनाने 90 टक्के कॅडमियम सेलेनाइड होतं, जागेच्या हिशेबाने 60 टक्क्यांच्या थोडं वर. आणि त्यांनी गोल डॉट नाही, 7 बाय 60 नॅनोमीटरचे रॉड वापरले, म्हणजे एका कांडीतच इलेक्ट्रॉन बराच लांब जातो, उड्या कमी.

आता करायचं काय, तर डॉट पिरिडीनमधे (ओलिक ॲसिडची जागा घेणारं छोट्या रेणूचं सॉल्व्हंट) रात्रभर गरम ढवळा, हेक्सेन टाकून खाली बसवा, सेंट्रिफ्यूज करा, परत पिरिडीन. ओलिक ॲसिड चिवट आहे, एकदा धुऊन सगळं निघत नाही. मी पहिल्या उत्साहात धुतलेले डॉट थेट क्लोरोबेन्झीनमधे टाकले आणि स्पिन कोटिंग (काच गरगर फिरवून फिल्म पसरवणं) केलं तर फिल्मवर रव्यासारखे दाणे, लॅम्पपुढं धरली तर धुरकट, कारण साल गेल्यावर डॉट एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात. मग क्लोरोफॉर्ममधे थोडं पिरिडीन ठेवलं तेव्हा जमलं, डॉट आणि पॉलिमर दोघंही त्यात विरघळून राहतात. नंतर फिल्म व्हॅक्युममधे 120 अंशांच्या आसपास तापवून उरलेलं पिरिडीन काढायचं, नाहीतर तेच अडथळा.

सेल बनवायच्या आधी नुसत्या पीथ्रीएचटीच्या आणि मिश्रणाच्या फिल्मचं फोटोल्युमिनेसन्स (प्रकाश टाकल्यावर फिल्म देते ती चमक) शेजारी शेजारी घ्या. चमक कमी झाली नसेल तर इलेक्ट्रोड चढवण्यात दिवस घालवू नका, आधी परत धुवा.

पिरिडीन फ्यूम हूडमधेच उघडा, वास डोक्यात चढतो आणि विषारीही आहे. आणि कॅडमियमचं धुतलेलं पाणी, टिश्यू, फुटलेल्या काचा सगळं वेगळ्या कॅनमधे ठेवा, बेसिनमधे एक थेंबसुद्धा नको, आपल्याकडची गटारं शेवटी गोदावरीलाच मिळतात.

डॉट किती नॅनोमीटरचे आहेत आणि कितीदा धुतलेत ते खाली लिहा, म्हणजे प्रमाण किती ठेवायचं ते नीट सांगता येईल.