पितळी केटलीला पांढरा रंग? थांब जरा!

प्रश्न: ताई, जुन्या बाजारात गेलं की माझा हात आवरत नाही. पितळी केटली, गंजलेला कंदील, लाकडी खोका, पारा उडालेला आरसा, सगळं हौसेने आणलं, दर ऋतूत घराचा लुक बदलायचा म्हणून. पण मांडून बघितलं तर नवरा विचारतो, भंगारवाला कधी येणारे? सगळ्याला पांढरा रंग मारू का, म्हणजे निदान एकसारखं दिसेल?

उत्तर: अगं नको, रंगाचा डबा आधी बंद कर! रंग एकदा बसला की खालचं जुनेपण गेलंच म्हणून समज, आणि तू पैसे त्याचेच तर मोजलेस ना. नवऱ्याचं मात्र थोडं बरोबर आहे हं, सगळं एकदम मांडलं की कुठलीही जुनी वस्तू भंगारच दिसते. एका वेळी दोन-तीनच बाहेर ठेव, बाकीच्या सुती कापडात गुंडाळून माळ्यावर (वर्तमानपत्रात नको, शाई लागते).

आता केटली. ही बारा महिने एकाच जागी राहू दे, बदलायचं ते फक्त आतलं. उन्हाळ्यात दोन-तीन लांब हिरव्या फांद्या, बास, गच्च भरायची नाही, पावसाळ्यात मोठ्या पानांचं एखादं रोप शेजारी, आणि थंडीत वाळलेलं गवत नाहीतर नुसत्या काटक्या, त्या तर फुकटच मिळतात. पाणी थेट केटलीत ओतू नकोस, जुने सांधे झिरपतात आणि टेबलावर गोल डाग पडतो तो पडतोच, आत एक छोटी काचेची बाटली उभी कर आणि पाणी तिच्यात घाल.

कंदिलाची सुटी गंज तारेच्या ब्रशने झाड, कापडाने पुसून वर मेणाचा पातळ हात फिरव. रंग तसाच गंजका राहतो पण हाताला लागत नाही. गंज पुन्हा धरू नये म्हणून पावसात त्याला ओल्या बाल्कनीपासून लांब ठेव. थंडीत आत पिवळ्या एलईडीची माळ सोड, मेणबत्ती नको, जुनी काच तापून तडकू शकते.

खोक्याच्या बाबतीत मी जरा कडक आहे. बारीक भोकं असतील तर काळ्या कागदावर ठेवून ठोक, सगळा भुसा झाडून टाक, आणि काही दिवसांनी परत बघ. ताजा, फिकट भुसा पुन्हा पडलेला दिसला तर बहुतेक कीड जिवंत आहे, औषध होईपर्यंत बाकीच्या फर्निचरच्या जवळपास आणू नकोस. आणि त्यावर जुना रंग असेल तर कोरडा पॉलिश पेपर अजिबात घासायचा नाही. जुन्या रंगांत शिसं असायचं, अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली तीच १९७८ मध्ये, आणि ती धूळ लहान मुलांना फार वाईट.

आरसा आहे तसाच छान आहे गं. ओल मागच्या थरापर्यंत पोचली की असे काळे ठिपके येतात, म्हणून क्लीनर काचेवर न मारता कापडावर मारायचा आणि मग पुसायचं. पावसाळ्यात अंधारून येतं तेव्हा तो खिडकीसमोर लाव, खोली एकदम उजळते.

प्रश्न: केटली खरंच पितळेची आहे की नुसता मुलामा, कसं ओळखायचं? आणि लिंबाने घासू का?

उत्तर: चुंबक लाव. चिकटला तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा, मग लिंबू विसर, तो पातळ थर निघून जाईल, साबणाचं कोमट पाणी पुरे. नाही चिकटला तरी शंभर टक्के पितळच असं नाही हां, म्हणून बुडाला कुठेतरी न दिसणाऱ्या जागी थोडं घासून बघ, खालून वेगळाच धातू डोकावला तर तिथेच थांब. पिवळंच राहिलं तर लिंबू-मीठ चालेल, पण लगेच धुऊन अगदी कोरडी कर, नाहीतर हिरवट डाग येतात. आणि नक्षीच्या खाचांतला काळेपणा राहू दे, तो काढलास तर नक्षी दिसायचीच नाही.