मृगाआधीचे बारा लाख

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. ‘मॅडम, सोयाबीन बियाण्याच्या प्रचारासाठी लातूर-नांदेड भागातले जाहिरातींचे दर मिळतील अशी एखादी वेबसाइट सांगा ना.’ अगं, अशी वेबसाइट असती तर मी तीस वर्षं फोन फिरवत कशाला बसले असते? प्रश्न चुकीचा नाही, अर्धवट आहे. दर ढिगाने मिळतात. पण तो कुणी काढला, कुठल्या मापाने आणि कुणासाठी, हे ठाऊक नसेल तर हातात नुसता आकडा राहतो.

माझीच फजिती ऐक. नोकरीचं दुसरं वर्ष. एका साडीच्या दुकानाची जाहिरात होती, तीन कॉलम रुंद आणि वीस सेंटिमीटर उंच. मी तीन गुणिले वीस, साठ, आणि त्याला दराने गुणून मालकांना रक्कम सांगून मोकळी झाले. ते खूश. बिल आलं चौपट. दरपत्रकातला दर चौरस सेंटिमीटरचा होता, मी तो कॉलम सेंटिमीटरचा, म्हणजे एक कॉलम रुंद आणि एक सेंटिमीटर उंच जागेचा, धरला होता. एक कॉलम साधारण चार सेंटिमीटर रुंद, म्हणजे जागा साठ नव्हे, दोनशे चाळीस. मालक काही बोलले नाहीत. गादीवर बसल्या बसल्या बिल माझ्याकडे सरकवलं आणि पोऱ्याला चहा सांगितला. तो चहा घशाखाली उतरता उतरेना. तेव्हापासून दरपत्रक हातात आलं की मी आधी तळाची बारीक अक्षरं वाचते: माप कुठलं, रंगीत की कृष्णधवल, कुठली आवृत्ती, पहिल्या पानाला किती जास्त, कर धरून की वगळून.

कराचं आत्ताच सांगते, कारण तुझं बजेट बारा लाख आहे. छापील माध्यमातल्या जाहिरातीवर जीएसटी ५ टक्के, होर्डिंग, रेडिओ, डिजिटलवर १८. सगळे बारा लाख होर्डिंगवर घातलेस तर वर दोन लाख सोळा हजार कर. त्यात तुझी कंपनी सोयाबीनचं बियाणं विकते. पेरणीच्या बियाण्यावर जीएसटी नाही, म्हणून जाहिरातीवर भरलेला कर त्यांना वजा करून मिळायचा नाही. तो खरा खर्च धर, आणि बारा लाख कर धरून की वगळून, हे कंपनीच्या सीएकडून लेखी घे.

आता वर्तमानपत्रं. खप आणि वाचकसंख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माणसं त्या बिनदिक्कत एकमेकींच्या जागी वापरतात. खपाचं प्रमाणपत्र एबीसी देते. ही संस्था १९४८ पासून आहे आणि दर सहा महिन्यांनी प्रती तपासते. वृत्तपत्र निबंधकांकडे, म्हणजे पूर्वीच्या आरएनआयकडे, जो खप नोंदलेला असतो तो मुळात प्रकाशकाने वार्षिक विवरणात स्वतः सांगितलेला असतो. तालुक्याच्या गावातला प्रतिनिधी तुला कागद दाखवेल तेव्हा तो यातला कुठला, एवढं पाहा. वाचकसंख्या सांगते आयआरएस, म्हणजे देशभरची वाचक पाहणी. २०१९ नंतर नवं आयआरएस आलेलं नाही, तेव्हा ‘ताजे आकडे’ म्हणून कुणी ते पुढे केले तर नुसतं हस. त्यातही दोन रकाने आहेत, महिन्याभरात कधीतरी पेपर पाहिलेल्यांचा आणि काल वाचलेल्यांचा. विकणारा नेहमी पहिला दाखवतो. तू दुसरा माग.

आणि पाहणी मोठी आहे म्हणून डोळे झाकून विश्वास ठेवू नकोस. २०१३ च्या आयआरएसने नागपुरात ‘हितवाद’चा एकही वाचक दाखवला नव्हता. त्याच पेपरचा प्रमाणित खप साठ हजारांच्या वर होता! पुढे मोठ्या वृत्तपत्रसमूहांनी मिळून ती पाहणीच नाकारली.

सरकारी दर खुले असतात. केंद्र सरकारच्या जाहिराती सीबीसी, म्हणजे सेंट्रल ब्युरो ऑफ कम्युनिकेशनमार्फत जातात, जुनी माणसं अजून डीएव्हीपी म्हणतात. त्यांचा दर खपावर ठरतो. एक लाख खपाच्या दैनिकाला कृष्णधवल जाहिरातीसाठी चौरस सेंटिमीटरला ४७.४० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२५ मध्ये ते ५९.६८ केले. या दरात तुला कुणी जागा देणार नाही. पण खाजगी दर बहुतेकदा याच्या वरच असतो, त्यामुळे समोरच्याने रेट कार्ड पुढे केलं की तळ साधारण कुठे आहे याचा अंदाज तुझ्या खिशात असतो.

आता माझा लाडका कागद. एजन्सीतल्या पोरांना तो सुचतच नाही. निवडणूक आली की जिल्हा निवडणूक अधिकारी उमेदवारांच्या खर्चासाठी दरसूची काढतो. चहा आणि वडापावाच्या दरांमुळे तिची दरवेळी बातमी होते, लोक हसतात आणि विसरतात. मी ती जपून ठेवते. फ्लेक्स चौरस फुटाला किती, हँडबिल हजाराला किती, ध्वनिक्षेपक लावलेली गाडी दिवसाला किती, सगळं जिल्ह्याच्या बाजारभावाची चौकशी करून लिहिलेलं. बियाण्याच्या प्रचाराला तुला नेमकं हेच लागणार आहे. दोन जिल्ह्यांच्या सूच्या शेजारी ठेवल्यास की गाडीवाला भाव फुगवून सांगतोय का, ते लगेच दिसतं. तसंच निविदांचं. एसटीवरच्या जाहिरातींचे हक्क निविदेने जातात. ती कागदपत्रं वाचायला कंटाळवाणी खरी, पण बसगाड्या किती आणि कुठल्या विभागात, हे त्यात सापडतं.

आकाशवाणीचं दरपत्रक प्रसारभारतीच्या संकेतस्थळावर असतं, दहा सेकंदांच्या हिशेबाने. परभणी, नांदेड, धाराशिव ही केंद्रं तुझ्या कामाची. शहरी पोरांना रेडिओ म्हटलं की एफएमवरची बडबडच आठवते. शेतीविषयक कार्यक्रमाच्या आगेमागे स्पॉट मिळतो का, ते केंद्रावर फोन करून विचार.

टीव्हीवर वेळ घालवू नकोस. टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या बार्कच्या आकड्यांत महाराष्ट्र आणि गोवा हा एकच बाजार आहे. लातूर जिल्ह्यातल्या औशाचा शेतकरी आणि पणजीचा फ्लॅटवाला एकाच टोपलीत, आणि तुझं बजेट त्या टोपलीला पुरणारं नाही. दूरसंचार नियामक ट्रायच्या तिमाही अहवालात इंटरनेट वापरणारे सापडतील, पण तिथेही महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवा आत आहे आणि मुंबई बाहेर. बेरीज करण्याआधी हद्द बघावी लागते ती अशी.

लोक मुळात काय वाचतात-ऐकतात, याला फुकटातला चांगला आधार म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी. २०१९-२१ च्या पाहणीत आठवड्यातून एकदा तरी पेपर वाचता का, टीव्ही पाहता का, रेडिओ ऐकता का, असं विचारलं होतं. आरोग्याच्या अहवालात जाहिरातवाला कशाला डोकावेल? म्हणून तिथे कुणी जात नाही. फक्त एक ध्यानात ठेव, त्यात बायका ४९ वर्षांपर्यंतच्या आणि पुरुष ५४ पर्यंतचे. साठीचा शेतकरी, जो घरात बियाण्याचा निर्णय घेतो, तो त्या तक्त्यात नाहीच.

डिजिटलचं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. लोक काय शोधतात ते सांगणाऱ्या गुगलच्या कीवर्ड प्लॅनरमध्ये ‘सोयाबीन बियाणे’ मराठीत घालून बघ, इंग्रजी स्पेलिंगने घालून बघ. फेसबुकवाल्या मेटाच्या अ‍ॅड लायब्ररीत स्पर्धकांच्या चालू जाहिराती दिसतात, पण बियाण्यासारख्या मालाच्या जाहिरातीवर किती खर्च केला ते कळत नाही. फिक्की-ईवायचा माध्यम उद्योगावरचा वार्षिक अहवाल प्रेझेंटेशनच्या पहिल्या स्लाइडपुरता ठीक आहे. देशाच्या हजारो कोटींवरून औशाच्या भिंतीचा भाव निघत नाही.

तो निघतो औशात जाऊन. लातूरची बस पकड आणि दोन दिवस कृषी सेवा केंद्रांच्या बाकड्यावर बस. वही बाहेर काढू नकोस, नाहीतर दुकानदार शहाण्यासारखं बोलायला लागतो. गिऱ्हाईक दुकानात आल्यावर पहिलं वाक्य काय बोलतं, ते ऐक. नाव घेऊन पिशवी मागतो, की ‘यंदा काय चाललंय?’ विचारतो? दुसरं असेल तर तुझे अर्धे पैसे पेपरात नव्हे, दुकानाच्या शटरवर आणि दुकानदाराच्या तोंडी गेले पाहिजेत. आणि किती जण घरचंच बियाणं पेरणार आहेत, तेही विचार. सोयाबीनमध्ये खरा स्पर्धक तोच आहे, आणि त्याला जाहिरातीचा खर्च शून्य. कृषी खातंच सांगतं की उगवणक्षमता तपासा आणि घरचं वापरा!

हे सगळं झालं की मग दर विचारायला बस. रेट कार्ड म्हणजे लग्नाच्या बैठकीतला पहिला आकडा, तो मान्य करायला कुणीच आलेलं नसतं. मान्यताप्राप्त एजन्सीचं १५ टक्के कमिशन दरात धरलंय का, ते आधी साफ विचार. जिल्हा आवृत्तीचा दर विचारलास तर ‘मॅडम, संपूर्ण मराठवाड्याचं पॅकेज थोड्याच जास्तीत देतो’ असं येईल. तुझं बियाणं तीनच जिल्ह्यांत विकलं जात असेल तर ते थोडंही फुकट गेलं. आवृत्ती कुठे छापली जाते ते शेवटच्या पानाच्या तळाशी मुद्रक-प्रकाशकाच्या ओळीत वाच. दूर छापून येणारा अंक गावात दुपारी पोचत असेल, तर तेही बोलण्यात येऊ दे.

तक्ता करशील त्यात प्रत्येक आकड्यापुढे दोन रकाने जास्त ठेव, कुणी सांगितलं आणि कधी. फोनवरचा दर असेल तर त्या माणसाचं नाव. पुढच्या आठवड्यात तो तक्ता मला पाठव, अर्धा असला तरी चालेल.

तुझी,
मॅडम

ता. क. भिंती रंगवायच्या असतील तर पेंटर आत्ताच ठरव. ७-८ जूनला मृग लागतो, म्हणजे मेच्या मध्यापर्यंत भिंती तयार हव्यात, आणि मे महिन्यात अर्धे पेंटर लग्नाला गेलेले असतात. दर चौरस फुटाचा, रंग धरून. घरमालकाची परवानगी लेखी, भले वहीच्या पानावर का असेना. आणि प्रत्येक भिंतीचा फोटो असा मागव की शेजारचं दुकान किंवा देऊळ त्यात दिसलं पाहिजे, नाहीतर एकाच भिंतीचे चार फोटो चार गावांच्या नावाने येतात.