वाचकांचे प्रश्न : पादचारी सिग्नलमधील बदललेला प्रकाश

प्रश्न : जपानमधील जुन्या छायाचित्रांत पादचाऱ्यांच्या सिग्नलवर रंगीत चौकोनाच्या मधोमध पांढरी मनुष्याकृती दिसते. अलीकडच्या छायाचित्रांत मात्र पार्श्वभूमी काळी असून आकृतीच लाल किंवा हिरवी असते. हा बदल केवळ दिसण्यासाठी केला आहे का?

उत्तर : नाही. त्याचे मूळ प्रकाश निर्माण करण्याच्या पद्धतीत आहे. जुन्या पेटीत तंतूचा बल्ब, त्यामागे परावर्तक आणि पुढे रंगीत काच अशी रचना असे. बल्बचा प्रकाश पांढरट असल्यामुळे लाल किंवा हिरवा रंग मिळवण्यासाठी काचेला बाकीचे सारे रंग अडवावे लागत. म्हणजे बहुतेक वीज आधीच उष्णतेत गेल्यावर जो थोडा प्रकाश उरे, त्यातलाही मोठा वाटा काचेतच जिरून जाई. बल्बने सगळी काच उजळतच असे, त्यामुळे चौकोन रंगीत ठेवून आकृती पांढरी सोडणे सोयीचे होते. नव्या पेटीतल्या एलईडीमध्ये रंग गाळून काढावा लागत नाही, तो अर्धवाहक पदार्थावरूनच ठरतो, आणि प्रकाशाचा प्रत्येक ठिपका वेगळा असतो. तेव्हा आकृती आहे तेवढ्याच जागी ठिपके बसवले की काम भागते आणि उरलेला भाग काळा ठेवता येतो.

बल्बच्या काळात तर आकृतीच्या बांध्याचाही प्रकाशाशी संबंध होता. पूर्व बर्लिनमधील वाहतूक-मानसशास्त्रज्ञ कार्ल पेग्लाऊ यांनी 1961 मध्ये पादचारी सिग्नलसाठी टोपी घातलेला, रुंद अंगाचा माणूस सुचवला. काळ्या मुखवट्यातून कापलेली आकृती जितकी रुंद, तितका अधिक प्रकाश बाहेर येतो, त्यामुळे किडकिडीत आकृतीपेक्षा ती लांबून चटकन ओळखू येते. आज तो माणूस त्याच्या गोंडस रूपासाठी प्रसिद्ध आहे, पण त्याच्या बांध्यामागचा हा तांत्रिक विचार मला अधिक मोलाचा वाटतो.

ठिपके स्वतंत्रपणे चालू-बंद करता येऊ लागल्यावर आकृतीला हालचालही देता आली. तैपेई शहरात 1999 मध्ये चालणारा हिरवा माणूस आणि उरलेले सेकंद एकाच सिग्नलवर दिसू लागले. वेळ संपत आली की तो पळू लागतो. एकाच बल्बच्या पेटीत हे साधणे अवघड होते.

प्रश्न : काही ठिकाणी आधी फक्त लाल दिवे बदलून हिरवे जुनेच का ठेवले गेले?

उत्तर : कारण पुरेसा प्रखर लाल एलईडी आधी तयार झाला. हिरव्यासाठी आणि निळ्यासाठी गॅलियम नायट्राइडवर आधारित पदार्थ लागतात आणि त्यांचे दर्जेदार स्फटिक वाढवणे फार कठीण होते. इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांच्या प्रयत्नांमुळे 1990 च्या दशकात ही वाट मोकळी झाली; प्रखर निळ्या एलईडीसाठी त्यांना 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेतील सिग्नलवर चालणारा माणूस पांढरा असतो. निळ्या एलईडीवर प्रस्फुरक द्रव्याचा थर देऊन पांढरा प्रकाश मिळवतात, त्यामुळे अशा एलईडीचा पांढरा माणूसही निळ्यानंतरच शक्य झाला.

प्रश्न : सकाळ-संध्याकाळी जुना सिग्नल बंद असूनही पेटल्यासारखा का दिसे?

उत्तर : कलता सूर्यप्रकाश काचेतून आत शिरून परावर्तकावर आदळे आणि तोच रंग घेऊन परत बाहेर येई. एलईडीच्या पेटीत असा मोठा परावर्तक नसतो, म्हणून हा धोका बराच कमी झाला आहे. तरीही दिव्यावरची झापड ठेवावीच लागते.

प्रश्न : जुन्या पेटीत बल्बच्या जागी एलईडी बसवला, तर तेवढ्याने काम होते का?

उत्तर : बहुधा नाही. नियंत्रकातील इलेक्ट्रॉनिक स्विच बंद असतानाही त्यातून किंचित प्रवाह झिरपतो. बल्बच्या थंड तंतूचा रोध कमी असल्यामुळे त्या प्रवाहाने काहीच घडत नसे, पण एलईडीला तेवढाही पुरतो आणि बंद असायला हवा तो हिरवा माणूस अंधूक दिसत राहतो. शिवाय परस्परविरोधी दिवे एकाच वेळी लागू नयेत म्हणून पाळत ठेवणारे उपकरण तारेवरचा व्होल्टेज तपासते आणि तेही या झिरपण्याने फसू शकते. म्हणून दिव्याला समांतर जादा रोध जोडतात किंवा उपकरणच एलईडीला अनुरूप असे बसवतात. रस्ता ओलांडणाऱ्याच्या जिवाचा प्रश्न असल्याने ही तपासणी टाळणे मला अक्षम्य वाटते.

देखभालीचीही पद्धत बदलावी लागते. बल्बचा तंतू तुटला की दिवा पूर्ण विझतो आणि बिघाड लगेच लक्षात येतो. एलईडी मात्र बहुतेक वेळा वर्षानुवर्षे हळूहळू मंद होत जातो, आणि रात्री ठीक दिसणारी आकृती भर उन्हात ओळखू येईनाशी होते. त्यामुळे दिवा पेटतो आहे एवढे पाहून चालत नाही. त्याची प्रखरता ठरावीक मुदतीने मोजावी लागते आणि ती ठरलेल्या पातळीखाली गेली की चालू स्थितीतला दिवाही बदलावा लागतो.