डी.फार्म.चं (फार्मसी डिप्लोमाचं) ५०० तासांचं ट्रेनिंग खरंच कामाचं ठरतं, की नुसती सही-शिक्क्याची औपचारिकता?

दोन्ही होऊ शकतं. तुम्ही कुणाच्या हाताखाली काम करता, त्यावर ते ठरतं.

नियमानुसार हे ५०० तास किमान तीन महिन्यांत पूर्ण करायचे असतात. ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून सही आणणारे दरवर्षी दिसतात. पुढे काउंटरवर उभं राहिल्यावर डॉक्टरांचं अक्षर लागत नाही आणि मग पंचाईत होते.

माझ्या मेडिकलमध्ये पोरं ट्रेनिंगला येतात तेव्हा पहिला आठवडा फक्त रॅक लावायला देतो. तोंडं वाकडी होतात. पण कुठल्या ब्रँडमध्ये कोणतं औषध आहे, हे त्यातच डोक्यात बसतं. आधी मुदत संपणारा माल पुढे ठेवायचा, इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं, पण फ्रीझरमध्ये नाही, हेही तिथेच कळतं. मग प्रिस्क्रिप्शन वाचून औषध काढायचं, पण मी तपासल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं नाही. शेड्यूल एच१ची (काही अँटिबायोटिक्स, झोपेच्या गोळ्या अशा कडक नियमांतल्या औषधांच्या विक्रीची) नोंद रजिस्टरमध्ये करायची. ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं, म्हणून खाडाखोड चालत नाही.

दुकान निवडताना एवढंच बघा: फार्मासिस्ट स्वतः काउंटरवर असतो का, की त्याचं फक्त लायसन्स भिंतीवर असतं? आणि तुमच्या चुका सांगायला त्याला वेळ आहे का? कॉलेजचे सर महिन्यातून एकदा चक्कर मारणार असतील तर उत्तमच.

गर्दीचं दुकान मिळालं तर सोडू नका. संध्याकाळी सात ते नऊ तिथे जे शिकाल, ते दुपारच्या सामसुमीत नाही.