भाच्याचं पोट जन्मतः सुरकुतलेलं आहे, डॉक्टर ‘प्रून बेली’ म्हणतात. खोबरेल चोळून घट्ट होईल का? आजी म्हणते ग्रहण बाधलं. (देवगड)

नाही, चोळून घट्ट होणार नाही आणि ग्रहणाचाही काही संबंध नाही. पोटाचे स्नायू गर्भातच नीट तयार झालेले नसतात, म्हणून कातडी सुकवलेल्या आलुबुखारासारखी दिसते; नाव त्यावरूनच पडलंय. हा आजार साधारण ३०-४० हजार जन्मांत एकाला होतो, आणि त्यांतले सुमारे ९५ टक्के मुलगे. मी बालशल्यचिकित्सा वॉर्डात परिचारिका होते, तिथे पाहिलेलं सांगते: घरच्यांची नजर पोटावर असते, डॉक्टरांची मूत्रपिंडांवर. मूत्राशय आणि मूत्रवाहिन्या फुगलेल्या असतात, लघवी तुंबते, जंतुसंसर्ग होतो आणि मूत्रपिंडं खराब होऊ शकतात. म्हणून सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कशी काम करतात ते दाखवणारी रक्ततपासणी) आधी. अंडकोष पोटातच राहिलेले असतात, ते खाली आणायची शस्त्रक्रिया बहुधा पहिल्या वर्षात करतात. सुईणीला पोट दाबू देऊ नका. ताप आला किंवा लघवी कमी झाली तर थांबू नका, ओरोसला जिल्हा रुग्णालयात किंवा थेट गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेज रुग्णालयात न्या. मात्र तीव्रता प्रत्येक बाळात वेगळी असते. फुप्फुसं आणि मूत्रपिंडं कशी आहेत ते तपासल्याशिवाय पुढचं कुणी सांगू नये, मीही नाही.